दाराबाहेरची हलगी

मास्तर, परवा दुपारी युनिव्हर्सिटीतल्या दोन मुली घरी आल्या होत्या. ख्रिस्ती उपासनेत संगीताचं स्थान काय, यावर त्या प्रबंध लिहिताहेत. एकीच्या खांद्याला टेपरेकॉर्डर, दुसरीच्या ओठांवर प्रश्न. मी आता फारसा कोणाला भेटत नाही. एकदा बसलो की गुडघे उठू देत नाहीत, आणि बोलायला लागलो की मध्येच भलत्या आठवणीत शिरतो. मग समोरच्यालाच मला हाताला धरून परत रस्त्यावर आणावं लागतं. पण मुली गोड होत्या. त्यांना आपल्या कॉलेजच्या चॅपलबद्दल विचारायचं होतं. तीसच्या दशकात नाशिकच्या मिशन कॉलेजात देशी वाद्यं उपासनेत कशी आली, कोणी आणली, कोणी अडवली. 'अडवली' या शब्दापाशी थांबून एकीनं विचारलं, "आजोबा, तुमचे ते ऑर्गन वाजवणारे मास्तर म्हणे पक्के इंग्रजाळलेले होते? साहेबाला आपलं संगीत हवं होतं आणि मास्तरांनाच नको होतं, असं आम्हाला एका निवृत्त पाळकांनी सांगितलं." यंत्राची चाकं फिरत होती. मी म्हटलं, "पोरींनो, शनिवारी या. आज दमलोय." दमलो होतो हे खरंच, पण शनिवारवर टाकलं ते दुसऱ्याच कारणानं. त्यांनी ऐकलेलं सगळं खरं आहे, आणि तेवढंच छापून आलं तर तुमच्यावर मोठा अन्याय होईल. शनिवारच्या आत मला काहीतरी ठरवायला हवं. म्हणून आधी तुमच्याशीच बोलून घेतो.

चॅपल माझ्या डोळ्यांसमोर आहे. शहर संपून मळे सुरू होतात तिथं, दगडी भिंतींचं, कौलांचं, उंच अरुंद खिडक्यांचं. सकाळच्या उपासनेला आम्ही विद्यार्थी डोळे चोळत बाकांवर बसलोय. बाहेर कुणाच्यातरी मळ्यात मोट चाललीय, तिचं करकरणं खिडकीतून आत येतंय, आणि तुम्ही कोट सारखा करून ऑर्गनपुढं बसताय. तो ऑर्गन विलायतेहून आलेला. नाशिकरोड स्टेशनापासून बैलगाडीत गवतात गुंडाळून आणला, तेव्हा तुम्ही सगळी वाट गाडीच्या मागं चालत आलात, असं जुनी माणसं सांगायची. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. तुम्ही आठवलात की मला आधी तुमचे पाय आठवतात, हात नंतर. काळे, नाडीचे बूट. शनिवारी संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून तुम्ही ते स्वतः चकचकीत करायचात. तुमच्या घरच्या बाईंनासुद्धा हात लावू द्यायचा नाहीत. आम्हा पोरांना त्याची मोठी गंमत. "मास्तर बूट स्वर्गात न्यायचेत वाटतं," असं आमच्यातला एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "न्यायचेतच. तिथं मला अनवाणी उभं केलं, तर मी परत येईन." आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात बहुतेक. मला आता नक्की आठवत नाही.

चार आवाजांचं गाणं तुम्ही आम्हाला शिकवलं. आमच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याहून वेगळा सूर जाणूनबुजून लावला नव्हता. हरसूलकडच्या डोंगरातला तो आडदांड मुलगा आठवतो? गाणं म्हणजे देवाला मोठ्यानं हाक मारणं, एवढंच त्याला ठाऊक. त्याला तुम्ही खालचा सूर दिलात आणि आठवडेच्या आठवडे तोच धरायला लावलात. तो कंटाळायचा, बाकीच्यांच्या चालीमागं पळायचा, आणि तुम्ही बोट उगारून म्हणायचात, "तू हलायचं नाही. बाकीचे तुझ्या अंगावरून जातील. तू जमीन आहेस." नाताळच्या सकाळी चारही आवाज एकदम उघडले, आणि गाणं संपल्यावर तो घामाघूम होऊन तुमच्यापाशी आला. "मास्तर, मी एकटाच येगळं गात होतो, तरी चुकलो नाय!" तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. म्हणालात, "तेच तर. सगळीकडं वेगळ्याला बाहेर काढतात. ह्या गाण्यात त्याच्यासाठी जागा करून ठेवलीय." त्या वेळी मला वाटलं, मास्तर संगीताचा धडा देताहेत.

मला मात्र ते गाणं मनातून कधी आपलं वाटलं नाही, मास्तर. शाळेत पाठ केलेल्या कविता हेच माझं खरं धन होतं. आर्या, साक्या, दिंड्या मी चालताना म्हणायचो, अंघोळ करताना म्हणायचो, अजूनही झोप आली नाही की त्याच म्हणतो. आमचे आजोबा फुलांचा मळा करणारे. पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, फुलांची पाटी घेऊन जायचे आणि पुढं ख्रिस्ती झाले तरी त्यांच्या ओठांवरच्या ओव्या काही उतरल्या नाहीत, फक्त त्यांतला देव बदलला. त्यामुळं विलायती चालीत मराठी शब्द कोंबले की मला दुखायचं. जिथं शब्द टेकायचा तिथं चाल उडी मारायची, जिथं शब्द चालायचा तिथं चाल बसून राहायची. एकदा तालमीत मी उभा राहून म्हणालो, "मास्तर, ही चाल आपली नाही." मी तेव्हा खादी घालायला लागलो होतो, त्या टोपीचाही थोडा जोर असेल. तुम्ही ऑर्गनचं झाकण हळू बंद केलंत आणि विचारलंत, "आपली म्हणजे कोणाची?" मी म्हणालो, "आपली. ह्या मातीतली."  "तुझ्या मळ्यातली माती वेगळी, बाळ. ती फुलं देते," एवढं बोलून पुन्हा झाकण उघडलंत. पुढची तालीम तुम्ही फार कडक घेतलीत. मी रुसलो होतो, तुमच्या ध्यानातही आलं नसेल.

मग विलायतेहून कॉलेजचे नवे प्रिन्सिपॉलसाहेब आले. तुम्ही त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलला नाहीत, मीही बोलणार नाही. भला माणूस होता. येताना बोटीवरच मराठी शिकून आलेला, पुस्तकातलं मराठी. पहाटे सायकलवरून पंचवटीत जायचा, घाटावर भजनं ऐकत उभा राहायचा आणि लाल झालेल्या डोळ्यांनी परत यायचा. प्राध्यापकांच्या सभेत तो म्हणाला, "विश्वविद्यालयात शिकणाऱ्या ह्या तरुणांनी परक्यांच्या सुरात देवास का आळवावे? आपले वैभव आपण उंबरठ्याबाहेर का ठेवावे?" आम्ही विद्यार्थी तर त्याच्यावर जीव टाकायला लागलो. गावोगाव बाजाराच्या दिवशी आम्ही येशूची कीर्तनं करायला जायचो, टाळ, मृदंग, सगळा थाट घेऊन. ते बाजारात चालायचं आणि चॅपलमध्ये चालायचं नाही. असं का, हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं विचारलं. चॅपलमधली बाकं निघाली, सतरंज्या आल्या. पादत्राणं दाराबाहेर काढायची, असं ठरलं. आमच्या वहाणांची रांग पायरीपासून पार चिंचेपर्यंत जायची. आणि त्या रांगेत तुमचे बूट नसायचे. साहेबानं एकदा फार हळुवारपणे विचारलं, "मास्तर, आपण अनवाणी वाजवू शकणार नाही काय?" तुम्ही म्हणालात, "पाय घसरतो, साहेब." साहेबानं मान डोलावली. मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, मास्तरांना साहेबापेक्षा जास्त साहेब व्हायचंय. म्हणजे त्या मुलींनी जे विचारलं ते मी त्यांच्या वयात, त्याच शब्दांत मनाशी म्हणून मोकळा झालो होतो.

त्या वर्षांत गावात काय चाललं होतं, ते आठवा. पंचवटीतल्या मंदिराच्या दारात माणसं बसून होती, आम्हालाही आत घ्या म्हणून. दगड पडत होते, लाठ्या चालत होत्या. तुम्ही एकदाच तिकडं गेलात, लांब उभे राहिलात आणि परत आलात. मी विचारलं, "काय पाहिलंत?" तुम्ही म्हणालात, "उन्हात बसलेल्या बाया." मग पुढं म्हणालात, "जाऊ देत त्यांना आत. आत गेल्यावर कळेल, आतसुद्धा पुढचे आणि मागचे असतात." इतक्या थकलेल्या आवाजात तुम्हाला मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आणि मग तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार. कॉलेजात पदवीच्या परीक्षेत पास झालेल्यांसाठी आभाराची मोठी उपासना व्हायची होती. मुंबईहून युनिव्हर्सिटीचे पाहुणे येणार, बिशपसाहेब येणार. साहेबाच्या मनात होतं की ती संपूर्ण उपासना देशी व्हावी, आणि त्यासाठी गीत लिहायचं काम त्यानं मला दिलं होतं. ते दाखवायला मी तुमच्याकडं आलो. बाई चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत होत्या, तुम्ही पाटावर बसला होतात, अंगात नुसता सदरा. तुम्ही माझं गीत वाचलंत. "चांगलं आहे," म्हणालात. मी विचारलं, "मग तुम्ही वाजवणार ना मृदंग? साहेब म्हणत होते, तुमच्याइतका तालाचा माणूस कॉलेजात नाही." बाईंचा हात भाकरीवर थांबला. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सांगून टाका त्याला. लेकरू हाय, तोंड मिटून ऱ्हाईल." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, ताटातच ठेवलात.

"माझा बा हलगी वाजवायचा," तुम्ही म्हणालात. तुमची भाषा पहिल्यांदा बदलली. वर्गातले मास्तर गेले आणि विंचूरकडच्या मांगवाड्यातला कुणीतरी माझ्यासमोर बसला. "पाटलाच्या घरी लगीन असलं की मांडवाच्या बाहेर उभं ऱ्हायचं. आत अक्षता पडल्या की बाहेर वाजवायचं. पडल्या ते दिसायचं नाय. आतून कोणीतरी हात हलवायचा, मंग बा सुरू व्हायचा. हलगी गार पडली की मी पाचोळा पेटवून शेकून द्यायचो. गल्लीतून जाताना पायताण हातात. लय नाव होतं त्याचं. पाटील सोता बाहेर येऊन ऐकायचा, मान हलवायचा, म्हणायचा, काय वाजवतो गडी! पण आत ये म्हणाला नाय. एकदाबी नाय." मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "म्हणजे मास्तर, तुमच्या रक्तातच—" तुम्ही हात वर केलात. "तेच नको. रक्तातलं नको. ते मला न विचारता कपाळी मारलं. ऑर्गन मी शिकलो. बोटं सुजली, मिशनच्या मडमेच्या छड्या खाल्ल्या, तवा आला. जे शिकलो ते माझं." बाई म्हणाल्या, "मंग साहेबाला एकदा सरळ सांगा की असं असं हाय." तुम्ही त्यांच्याकडं वळलात. "काय सांगू? चॅपलमधी उभा ऱ्हाऊन जात सांगू? तीच तर दाराबाहेर काढून आत आलो." चुलीतला धूर घरभर झाला होता. जाताना तुम्ही दारापर्यंत आलात आणि पुन्हा मास्तरांच्या भाषेत म्हणालात, "हे सांगितलं ते कविता करायला नाही." मी केली नाही, मास्तर. आयुष्यभर कशाकशावर केल्या, त्याच्यावर केली नाही.

मी कोणाला बोललो नाही. पण त्याच आठवड्यात साहेब दौऱ्यावर विंचूरकडं गेले, आणि तिथं तुमचे चुलते भेटले. त्या बिचाऱ्यानं कौतुकानं सांगितलं, "आमचा पोऱ्या हाय तुमच्या कालेजात. त्याच्या बापासारखी हलगी उभ्या मुलखात कोणी वाजवली नाय, आन् पोऱ्या बापाच्या वरचढ." साहेब हरखून गेले. त्यांना वाटलं, आपल्या चॅपलमध्ये इतका मोठा वारसा लपून बसलाय, तो निव्वळ विनयामुळं. त्यांनी तांबटाकडून पितळी कडं घडवून घेतलं, कातडं चढवून घेतलं, कुणाला कळू दिलं नाही. आणि त्या उपासनेच्या दिवशी, पाहुणे, बिशप, सगळे विद्यार्थी सतरंज्यांवर बसलेले असताना, ते वेदीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "आपले मास्तर हे एका थोर वादक कुळातील आहेत. त्यांच्या पूर्वजांचे वाद्य आज प्रथमच देवाच्या मंदिरात येत आहे. मास्तर, आपण याचा स्वीकार करावा." दोन्ही हातांवर हलगी धरलेली. डोळ्यांत पाणी. आजवर कुणी कुणाचा इतक्या प्रेमानं इतका घात केलेला मी पाहिला नाही. मागं कुजबुज झाली. कूळ कोणतं ते हलगी बघितल्यावर कुणाला सांगावं लागत नव्हतं. माझ्या शेजारच्यानं मला कोपरानं ढोसलं, "अरे, आपले मास्तर?" आणि तुम्ही ऑर्गनपाशी बसलेले, पाय भात्यावर, बूट चकाकताहेत.

तुम्ही उठलात. मला वाटलं, तुम्ही निघून जाणार. तुम्ही साहेबापुढं गेलात, हलगी हातात घेतलीत, एका बोटानं तिच्यावर टिचकी मारलीत, कान दिलात. "गार आहे, साहेब. शेकावी लागेल." आणि दाराकडं चालायला लागलात. सगळं चॅपल मान वळवून बघतंय. बाहेर चिंचेखाली तुम्ही पाचोळा गोळा केलात, काडी ओढलीत, हलगी आचेवर फिरवायला लागलात. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. बिशपसाहेबांनी घड्याळ काढून बघितलं. मग तुम्ही पायरीवर बसलात आणि बुटांच्या नाड्या सोडल्यात. आमच्या वहाणांच्या रांगेत पहिल्यांदा तुमचे बूट लागले. अनवाणी उभे राहिलात, दाराच्या चौकटीबाहेर, उन्हात, डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात जाडसर टिपरू, आणि आत बघून वाट पाहायला लागलात. कशाची ते आधी कुणाला कळलंच नाही. मला कळलं. मी गायकांच्या रांगेत होतो. मी हात हलवला.

पुढं काय झालं ते तुम्हाला काय सांगायचं, वाजवणारे तुम्हीच. पण तुम्ही बाहेर होतात. आत कसं ऐकू आलं ते तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या गीताची पहिली ओळ आम्ही भीत भीत म्हटली. हलगी तिच्या मागून आली, अगदी दबक्या पावलांनी, जणू तिला आत यायचंच नाही. दुसऱ्या कडव्याला तिनं ओळ उचलली. मी महिनाभर घासलेले शब्द, त्यांच्यातली कुठली मात्रा लंगडी होती ते मला तेव्हा कळलं, कारण तिथं तुम्ही टिपरू आडवं घालून तिला सावरून धरलंत. तो हरसूलचा गडी, तो खालचा सूर धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. साहेब तिसऱ्या कडव्याला राहवेना म्हणून दारापर्यंत आले, हात पुढं करून म्हणाले, "मास्तर, आत यावे. कृपया आत यावे." तुम्ही वाजवणं न थांबवता म्हणालात, "हलगी आत येत नाही, साहेब. बाहेरच वाजते." साहेब म्हणाले, "पण आम्ही बोलावीत आहोत!" तुम्ही म्हणालात, "हिला बोलावताय. मी तर आतच होतो."

गीत संपलं. तुम्ही हलगी पायरीवर पालथी ठेवलीत. खाली बसून बूट घातलेत, दोन्ही नाड्या सावकाश बांधल्यात. मग सगळ्या अनवाणी माणसांमधून बूट वाजवत आत आलात, ऑर्गनपुढं बसलात आणि शेवटचं गीत वाजवलंत, चार आवाजांचं, तुम्ही शिकवलेलं. साहेब मान खाली घालून उभे होते. त्यांना त्या क्षणी कळलं की नंतर चॅपलच्या पाळकसाहेबांनी समजावल्यावर, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुमच्या दारात आले एवढं मी पाहिलं. "मी तुमचा अपमान केला," असं ते म्हणाले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, बाईंनी गवती चहा केला. "वाद्य चांगलं होतं, साहेब," तुम्ही म्हणालात. "चुलत्याला धाडतो. त्याच्या कामाला येईल."

तुमची ऑर्गनची जागा राहिली. पण काहीतरी गेलं ते परत आलं नाही. आता सगळ्यांना माहीत होतं. वसतिगृहात एक टवाळ तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर लग्नाच्या सुपाऱ्या घेतात का रे?" आणि त्याहून वाईट, चांगली माणसं खरोखरच सुपारी घेऊन यायला लागली. "मास्तर, पोरीचं लग्न आहे. त्या दिवशीसारखं वाजवाल का हो?" फार आर्जवानं विचारायची. तुम्ही म्हणायचात, "ऑर्गन वाजवीन. विनामूल्य." माणसं हिरमुसून जायची. शेवटी शेवटी तुम्ही उपासना संपली की कुणाशी न बोलता थेट घरी जायला लागलात. साहेबांनी बुधवारच्या संध्याकाळी भजन सुरू केलं, शहरातून एक मृदंगवाले गृहस्थ यायचे. तुम्ही कधी आला नाहीत आणि कधी नावंही ठेवली नाहीत. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला. तुमच्या दफनाला ऑर्गन वाजवायला कोणी उरलं नव्हतं, आम्ही नुसत्या आवाजांनी गायलो. हरसूलच्या गड्यानं जमीन धरली होती.

आता आमच्या इथल्या चर्चमध्ये सगळं असतं. मुलं गिटार वाजवतात, ढोलकी असते, एक विजेवरची पेटी आहे तिच्यातून ऑर्गनचा आवाजही निघतो, हलगीचाही निघतो, बटण दाबलं की झालं. बूट कोणी काढतं, कोणी काढत नाही, कोणी बघतही नाही. मी मागच्या बाजूला खुर्चीवर बसतो. तुमचं बरोबर की साहेबाचं, हा वाद मी मनात इतकी वर्षं घातला की आता दोन्हीकडून बोलताना माझाच घसा बसतो. मला अजूनही वाटतं, मराठी माणसानं मराठी चालीत देवाला आळवावं. आणि अजूनही वाटतं, तुम्ही केलंत त्याखेरीज दुसरं काही करता आलं नसतं. या दोन गोष्टींची गाठ मला घालता आली नाही. ज्याला आली त्याला मी भेटलो नाही.

मुली शनिवारी येतील. त्यांना मी सांगणार आहे, मांडवाबाहेर उभ्या राहणाऱ्या बापाचं, पायताण हातात घेण्याचं, साहेबाच्या प्रेमाचं, दाराबाहेर शेकलेल्या हलगीचं. तुम्ही कविता करू नको म्हणालात, सांगू नको म्हणाला नाहीत. आणि 'इंग्रजाळलेले' एवढ्या एका शब्दाखाली तुम्हाला पुरू देणं मला जमणार नाही. त्या काय लिहायचं ते लिहोत.

पण एक गोष्ट त्यांना सांगणार नाही. त्या दिवशी उपासना संपल्यावर तुम्ही ऑर्गनचं झाकण लावत होतात. मी जवळ आलो. तुमच्या कपाळावर घाम होता. तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, "कसं झालं?" मी म्हणालो, "ऑर्गन फार सुंदर वाजला, मास्तर." तुमचा चेहरा सैल पडला. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. ऑर्गन चांगलाच वाजला होता, त्यात खोटं काही नाही. पण मास्तर, त्यानंतर मी मुंबईतली मोठमोठी चर्च ऐकली, नावाजलेले गवई ऐकले, नाताळच्या रात्री शंभर गळे एका वेळी उघडलेले ऐकले. देव माझ्या इतका जवळ येऊन उभा राहिला तो एकदाच, तुम्ही बाहेर उन्हात अनवाणी उभे होतात तेव्हा. तुम्हाला नको असलेलंच तुम्ही सगळ्यात सुंदर वाजवलंत. तुम्ही आज समोर येऊन तसंच विचारलंत, तर मी पुन्हा ऑर्गनचंच नाव घेईन. म्हणून हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, हे मला बरं वाटतं.